खड्ड्यात टाकलेलं झुंबर

डोळे मिटा पाहू. घट्ट. फटीतून बघायचं नाही.

आता असं समजा, की तुम्ही झोपेतून उठलात, अनवाणीच दार उघडून बाहेर आलात, गवतावरचं दव तळपायांना गार लागलं, आणि समोर पाहता तर काल जिथे कोबीचा वाफा होता तिथे आज काहीच नाही. कोबी नाही, वाफा नाही, कुंपणाचा खांबही नाही. नुसतं एक गोल तोंड, आ वासलेलं. आणि खालून पाण्याचा खळखळाट.

घाबरलात? तुम्ही घाबरणारच. दूर उत्तरेकडच्या बिर्झायच्या मुलखातली माणसं मात्र घाबरत नाहीत. ती आधी गाई मोजतात, मग कोंबड्या, मग घरातली म्हातारी माणसं. सगळे जागच्या जागी असले, की मग सावकाश खड्डा बघायला जातात.

त्याचं असं आहे, की त्या मुलखात मातीखाली फळ्यावरच्या खडूसारखा मऊ पांढरा दगड आहे. पाणी त्याला चाटतं. एखादं पोर डब्यातली साखर रोज थोडी थोडी संपवतं आणि झाकण मात्र पुन्हा नीट लावून ठेवतं ना, अगदी तसं. वरून सगळं शाबूत दिसतं. आणि मग एक दिवस झाकणच डब्यात पडतं.

विल्कुपिय गावात असे इतके खड्डे होते, की पत्ता सांगतानाही लोक म्हणायचे, "कोल्हीच्या खड्ड्यापासून डावीकडे वळ, म्हणजे आमचं घर." प्रत्येक खड्ड्याला नाव असायचं, आणि नावाची रीत सोपी होती: आत जे पहिल्यांदा पडेल, त्याचं नाव. चर्चमागचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मोठा खड्डा होता बाजावाल्याचा. स्वीडनचं सैन्य ह्या मुलखात शिरलं होतं त्या काळी चर्चमधला बाजा वाजवणारा एक जाडजूड माणूस पळता पळता त्यात पडला म्हणे. माणसाला दोर टाकून वर काढलं, पण त्याचा एक बूट गेला तो गेलाच. त्या खड्ड्यातलं पाणी कुठे जातं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता डोळे उघडा. गोष्ट सुरू झाली आहे.

रासोसच्या सणाचा आदला दिवस होता. रासोस म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत लहान रात्रीचा सण. गावात धांदल उडाली होती. कुणी शेकोटीची लाकडं रचत होतं, कुणी जिरं घातलेलं पांढरं चीज फडक्यात बांधून दगडाखाली दाबत होतं. सामुएलिस आजोबा अंगणात लाकडी पिंपासमोर उभे राहून बिअर गाळत होते. गावात त्यांच्याइतकी चांगली बिअर कुणाला जमत नसे. ही बिअर सणाची नव्हती, लग्नाची होती. त्यांच्या धाकट्या मुलीचं, विलियाचं, लग्न पंधरवड्यावर आलं होतं.

तेवढ्यात त्यांची नात स्मिल्ते कुंपणावरून उडी मारून आली. दहा वर्षांची पोर, केसांत गवत, एका पायात चप्पल.

"आजोबा, पडला! पडला!"

"कोण पडला?"

"खड्डा!"

"खड्डा पडत नाही, पोरी. जमीन पडते. कुणाची पडली?"

"कोस्तासकाकांची."

"मग कोस्तास ओरडत कसा नाही?"

"ओरडतायत ना! ऐका तरी!"

आजोबांनी पळी थांबवून कान दिला. खरंच, शेतापलीकडून एक जाडा आवाज सगळ्या संतांची नावं एकामागून एक घेत होता.

खड्डा मोठा नामी होता. कोस्तासच्या रायच्या, म्हणजे गव्हासारख्या एका धान्याच्या, शेताच्या कडेला, पाण्याच्या चरालगत, एखादी गाडी घोड्यासकट बसेल एवढा. हे चर सामुदायिक शेतीच्या काळात दलदल सुकवायला खणलेले. त्या चराची कडच ढासळली होती, आणि चरातलं सगळं पाणी गिरक्या घेत खड्ड्याच्या तळाशी एका काळ्या भेगेत शिरत होतं. कडेला हिरवी रायची रोपं मुळांसकट लोंबत होती.

"बाजूला हो, बाजूला हो!" कोस्तास ओरडला. तो उंचापुरा, लाल चेहऱ्याचा माणूस होता. डोक्यावरची चौकड्यांची टोपी तो फक्त चर्चमध्ये काढायचा. "माझं वासरू इथेच बांधलेलं होतं! दोन पावलं इकडे असतं, तर आज ह्याला वासराचा खड्डा म्हणाले असते लोक!"

"वासरू आहे ना?" आजोबांनी विचारलं.

"आहे. त्याला काय धाड भरलीय? जमीन गेली ना माझी!" कोस्तासनं टोपी मागे सारली. "ही जमीन माझ्या बापाकडून सामुदायिक शेतीवाल्यांनी वरून घेतली. परत मिळून मला दोन वर्षं होतायत, तर आता कोण खालून घेतंय? आज संध्याकाळच्या आत भरून टाकतो बघ हा खड्डा."

"कशानं भरणार?" स्मिल्तेनं विचारलं.

कोस्तासनं शेताच्या टोकाकडे हात केला. तिथे सामुदायिक शेतीचं जुनं गोदाम होतं, छप्पर कोसळलेलं. त्यात विटांचा ढिगारा होता, आणि ढिगाऱ्यात गंजलेली पिंपं. पूर्वी पिकांवर फवारायचं औषध त्यात भरलेलं असे. त्यावरची अक्षरं कधीच पुसली गेली होती, वास मात्र अजून होता, नाकात मिरची गेल्यासारखा.

"विटाही जातील, पिंपंही जातील," कोस्तास म्हणाला. "एका फेरीत दोन कामं."

"पण ह्यातलं पाणी कुठे जातं, काका?"

"खाली."

"खाली कुठे?"

"खाली म्हणजे खाली! नदीला. ह्या बाजूचं सगळं पाणी तातुला नदीला जातं. माझा बाप सांगायचा."

"तुझा बाप असंही सांगायचा," आजोबा म्हणाले, "की मी दाढी केली की गारा पडतात."

"पडायच्याच!"

पण स्मिल्ते हसली नाही. ती उताराकडे बघत होती. शेत संपलं की भूर्जाची झाडं, आणि झाडांच्या पायथ्याशी डोळ्यांचा झरा. वाळू उडवत वर येणारं ते पाणी अख्खं गाव पीत होतं. आजोबांची बिअर त्याचीच. रासोसच्या पहाटे सगळे तिथे जाऊन डोळे धुवायचे, म्हणून तर त्याचं नाव तसं. ती खड्ड्याकडे बघे, झऱ्याकडे बघे, पुन्हा खड्ड्याकडे.

"हे पाणी झऱ्यात जात असेल तर?" ती म्हणाली.

"नाही जात."

"पण जात असेल तर?"

"अगं, नाही जात! ह्या खड्ड्यातलं पाणी त्या झऱ्यात आलं, तर ही टोपी काढून ह्यात फेकीन मी! आणि मी कॅथलिक आहे, सामुएलिस. आम्ही शब्द दिला की दिला."

"आम्ही रिफॉर्म्ड पंथाचे लोक शब्दच देत नाही, त्यामुळे आमच्या टोप्या टिकतात," आजोबा म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "कोस्तास, जिल्ह्याच्या कचेरीला कळवू या. ते माणूस पाठवतील."

"कचेरीला सणाची सुट्टी. ते येईपर्यंत माझं अर्धं शेत जमिनीखाली पिकेल!" कोस्तास निघाला. जाता जाता मागे वळून म्हणाला, "ऐक गं पोरी. गाई दोहून झाल्या की मी ट्रॉली आणणार. तोवर तुला काय शोधायचं ते शोध. उगाच म्हणू नकोस की काकानं ऐकलं नाही."

कुणी मोठ्या माणसानं आजवर स्मिल्तेला असं खरंखुरं काम दिलं नव्हतं, वेळ बांधून.

"आजोबा, आपण पाण्यात काहीतरी टाकू. आणि झऱ्यात ते येतंय का बघू!"

"काय टाकशील?"

तिनं बीटचं आंबवलेलं पाणी सुचवलं, चांगलं लालभडक. आजोबा म्हणाले, "एवढ्या पाण्यात ते सूपात चिमूटभर मीठ टाकल्यासारखं होईल. तरंगणारं काहीतरी बघ. बारीक, भेगेतून जाणारं." आणि बोलता बोलता दोघांची नजर एकाच वेळी अंगणातल्या टोपलीकडे गेली. बिअर गाळून उरलेला सातूचा चोथा! सालंच सालं, हलकी, पिवळी, टोपलीभर.

आजोबांनी आधी गवताच्या गंजीचा दोर आणला, तो स्मिल्तेच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. "कडेपर्यंत जायचं नाही. चरात टाकायचं, पाणी नेईल. आणि दोराशिवाय खड्ड्याच्या आसपास दिसलीस, तर कान पिळीन."

तिनं चोथा चरात ओतला. पिवळा पट्टा वळवळत गेला, गिरकी घेतली, आणि गडप. ती झऱ्याकडे पळाली, इतक्या जोरात, की दोर सोडायचा राहिला आणि आजोबाही चार पावलं ओढले गेले.

झऱ्याकाठी बसून तिनं काळ्या पावाचा तुकडा चघळत पाण्याकडे टक लावली. तळाची वाळू उकळल्यासारखी वर येत होती, खाली बसत होती. मुंग्या येऊन पाव खाऊन गेल्या तरी तिचं लक्ष नव्हतं. आणि मग वाळूतून एक साल वर आलं. मग दुसरं. मग पाचसहा, नाचत नाचत!

"आलं! आजोबा, आलं! आलं!"

तिनं सालं ओंजळीत धरली आणि धावत सुटली. पाणी वाटेत सांडलं, सालं तळहाताला चिकटून राहिली. कोस्तास गोदामासमोर विटा भरत होता. त्यानं ओंजळीत वाकून बघितलं, टोपीखाली डोकं खाजवलं, आणि मोठ्यांदा हसला.

"अगं वेडे, तुझा आजोबा सकाळपासून झऱ्याच्या तोंडाशी टोपल्या विसळतोय! चोथा तर माझ्या गाईच्या शेपटीलाही चिकटलाय. उद्या म्हणशील, माझी गाय खड्ड्यातून आली!"

स्मिल्तेनं आजोबांकडे पाहिलं. ते मागून धापा टाकत येत होते. त्यांनी रागवावं, भांडावं, असं तिला वाटत होतं. आजोबांनी मिशीवरून हात फिरवला.

"खरं बोलतोय तो," ते म्हणाले. "टोपली मी तिथेच विसळली."

"पण आजोबा!"

"पण नाही. मीही त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो." मग ते खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "हरली नाहीस अजून. गावात दुसऱ्या कुणाकडेच नसेल, अशी वस्तू शोध. मग बघू कसा हसतो ते."

स्मिल्ते घरभर फिरली. पिसं? पिसं सगळ्यांच्याच बदकांना होती. बुचं? प्रत्येक घरात बुचं. लाकडाचा भुसा? अख्खं गाव शेकोटीची लाकडं तोडत होतं. रायचं काड? काड तर आजोबांच्या बिअरच्या पिंपातही असायचं, गाळणीसारखं तळाशी अंथरलेलं. कोस्तासकाका लगेच बोलले असते. ती हिरमुसून जेवणाच्या टेबलापाशी बसली आणि मान मागे टाकून वर पाहिलं.

वर झुंबर लटकत होतं.

ते तिनं केलं होतं. विल्कुपियमध्ये अशा झुंबराला 'बाग' म्हणतात. रायची पिवळीधमक काडं कापायची, त्यांतून धागा ओवायचा, छोटे छोटे मनोरे करायचे, मनोऱ्याला मनोरा जोडायचा. लग्नात ते नवरानवरीच्या डोक्यावर टांगतात. वाऱ्याच्या झुळकेनं, माणसांच्या श्वासानंही ते हळूहळू फिरतं. स्मिल्ते पूर्ण हिवाळाभर शेकोटीपाशी बसून ते करत होती. आणि दोरा साधा नव्हता. मावशीच्या हातमोज्यातून उसवलेली लाल लोकर होती ती, प्रत्येक काडाच्या दोन्ही टोकांना लाल गाठ. अख्ख्या गावानं ते बघून माना डोलावल्या होत्या. कोस्तासकाका तर म्हणाले होते, असं लाल झुंबर आजवर कुणी पाहिलं नाही.

ती खुर्चीवर चढली, मग टेबलावर. आकड्यातून झुंबर काढलं.

"काय करतेस गं ते?" दारातून विलिया मावशी ओरडली. तिच्या हातात बडीशेपेच्या हिरव्या पाल्याची जुडी होती. "हात लावू नकोस! माझ्या लग्नाचं आहे ते!"

"मावशी, खड्ड्यात टाकायचंय."

"डोकं फिरलं का तुझं?"

स्मिल्तेनं भराभरा सगळं सांगितलं: पिंपं, वास, चोथा, कोस्तासकाकांचं हसणं. मावशी ऐकत राहिली. मग तिनं पाल्याची जुडी टेबलावर आपटली.

"लग्नात लोक माझ्या डोक्यावरचं बघतील की पेल्यातलं पितील?" ती म्हणाली. "ने. पण वरच्या टोकाचा छोटा मनोरा ठेव मला. तेवढा तरी!"

स्मिल्ते झुंबर घेऊन धावली. आजोबांनी दोर बांधला. चराशी बसून तिनं मनोरे एकेक सुटे केले. कात्री हातात होती. काडं पण सुटी करायला हवी होती. तिनं एका मनोऱ्यावर कात्री ठेवली, आणि तिला तो मनोरा ओवला त्या दिवशीचा बर्फ आठवला, खिडकीबाहेरचा, आणि बोटाला रुतलेली सुई. कात्री चालेना. तिनं मनोरे तसेच, अख्खेच्या अख्खे, पाण्यात सोडले. छोटी छोटी पिवळी घरं लाल कोपरे हलवत गेली आणि बुडाली.

मग पुन्हा झरा. पुन्हा वाळू.

सावल्या लांबल्या. काहीच आलं नाही. कुरणातून गाई हंबरत घराकडे निघाल्या. काहीच आलं नाही. कोस्तासच्या गोठ्यातून बादलीत पडणाऱ्या धारांचा आवाज येऊ लागला, आधी टिणटिण, मग बादली भरत आली तसा घुमा. स्मिल्तेचा जीव टांगणीला लागला. आजोबा तिच्याशेजारी येऊन बसले.

"चोथा येऊन कधीच झाला असता एवढ्या वेळात," ते म्हणाले. "कसं टाकलंस तू ते?"

तिनं मान खाली घालून गवत उपटलं.

"स्मिल्ते?"

"अख्खं," ती पुटपुटली. "मनोरेच्या मनोरे. कापवेना, आजोबा."

आजोबांनी दोन हातांनी त्रिकोण केला, आणि तो दोन गुडघ्यांच्या फटीतून घालायचा प्रयत्न करून दाखवला. अडकला. मग एक बोट घातलं. गेलं.

स्मिल्ते ताडकन उठली. "अडकलेत ते! भेगेत अडकलेत!"

"आता उरलंय काय?"

उरला होता मधला मोठा मनोरा, सगळ्यांत सुंदर, ज्याला बाकीचे टांगलेले असत. तो ती घेऊनच आली नव्हती. मावशीनं छोटा मागितला होता, तेव्हा हिनं हळूच मोठाही पलंगाखाली सारला होता. ती घराकडे सुटली. पलंगाखाली शिरली. बाहेर आली तेव्हा केसांना जाळी लागलेली. ह्या खेपेला चराशी बसल्यावर तिनं थांबून काही आठवलं नाही. करकर, करकर! काडं बोटाएवढी, प्रत्येकाला लाल गाठ. कात्री थांबली तेव्हा मांडीवर फक्त लाल-पिवळा पसारा उरला होता.

तेवढ्यात पलीकडे ट्रॅक्टर सुरू झाला. फट् फट् फट्.

तिनं मांडीवरचं सगळं चरात झटकलं.

"आजोबा, तुम्ही इथे थांबा! त्यांना ओतू देऊ नका!"

"मी काय, ट्रॅक्टरपुढे आडवा पडू?"

"गप्पा मारा त्यांच्याशी! स्वीडनच्या सैन्याचं सांगा!"

"ते तर त्याला पाठ आहे!" आजोबा ओरडले, पण ती दोर सोडून केव्हाच निघाली होती.

झऱ्यापाशी ती पोचली आणि बघते तर ट्रॉली तिच्या मागोमागच उतारावर येऊन थांबली. विटा, पिंपं, सगळं भरलेलं. कोस्तास खाली उतरला. दूध काढून, विटा भरून त्याचा घसा कोरडा पडला होता, आणि गावातला कुठलाही माणूस कामाला लागण्याआधी झऱ्यावर थांबायचाच.

"काय गं, गाय आली का झऱ्यातून?" त्यानं विचारलं.

स्मिल्तेची नजर वाळूवर खिळली होती.

झाडाला साखळीनं बांधलेला पत्र्याचा मग कोस्तासनं काढला, वाकून वाळूच्या तोंडाशीच बुडवला, आणि मान मागे टाकून घटाघटा प्यायला. मग अचानक थांबला. त्याचे डोळे बारीक झाले. त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि ओठाला चिकटलेलं काहीतरी काढलं.

बोटाएवढं पिवळं काड. एका टोकाला लाल गाठ.

झऱ्यात आणखी एक आलं. वाळूतून उसळून वर, लाल शेपटी हलवत. मग दोन एकदम. मग इतकी, की स्मिल्तेनं मोजणं सोडलं आणि ती नुसती जागच्या जागी उड्या मारत किंचाळायला लागली, "आलं! आलं! आलं! आलं!" आणि वरून आजोबांचा आवाज आला, "काय आलं?" आणि घराच्या दारातून मावशी ओरडली, "माझं झुंबर आलं का?"

कोस्तास काडाकडे बघत राहिला. मग त्यानं ट्रॉलीवरच्या पिंपांकडे पाहिलं. मग हातातल्या मगाकडे, ज्यात अजून थोडं पाणी होतं. त्यानं ते पाणी टाकलं नाही. हळूच परत झऱ्यात ओतलं, आणि मग हात पँटला पुसला, दोनदोनदा.

"हे तर ते लाल झुंबर," तो म्हणाला.

"हो, काका."

"जे लग्नात टांगायचं होतं?"

"हो, काका."

"आणि तू ते कापलंस?"

"हो, काका. बोटाएवढं. आधी अख्खं टाकलं होतं, ते अडकलं."

आजोबा धापा टाकत उतरले. कोस्तासनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "सामुएलिस, माझ्या गोठ्यामागे ती दगडी खोली आहे ना, कुलपाची. पिंपं तिथे ठेवतो. कचेरीची माणसं येतील तेव्हा नेतील. खड्ड्याला मेढी लावून कुंपण घालू, तू येशील का मदतीला?"

"आधी तुझा शब्द, मग माझी मदत," आजोबा म्हणाले. डोळे मिश्कील झाले होते. "तू कॅथलिक आहेस ना?"

कोस्तासचा हात टोपीवर गेला. चर्चबाहेर अख्ख्या गावानं त्याला टोपीशिवाय ओळखलं असतं की नाही कुणास ठाऊक. त्यानं ती काढली. खाली कपाळ पांढरंफटक होतं, अर्ध्या उकडलेल्या अंड्यासारखं. मावशी एव्हाना येऊन पोचली होती, तिनं तोंडावर पदरासारखा हात धरला आणि खुदखुदली.

"हसा, हसा," कोस्तास म्हणाला. "निदान आता ह्याला टोपीचा खड्डा तरी म्हणा."

"झुंबराचा!" मावशी म्हणाली. "आत पहिल्यांदा काय गेलं?"

"पहिल्यांदा सातूचा चोथा गेला," आजोबा म्हणाले. "रीत म्हणजे रीत. चोथ्याचा खड्डा."

"चोथ्याचा? माझ्या जमिनीत चोथ्याचा खड्डा?" कोस्तासचा चेहरा पुन्हा लाल झाला. आणि तिघेही एकाच वेळी बोलायला लागले.

स्मिल्ते त्यात नव्हती. तिनं झऱ्यातलं एक काड उचललं होतं आणि त्याचा ओला लाल धागा बोटाला गुंडाळत ती भलतीकडेच बघत होती, चर्चच्या मनोऱ्याकडे.

कोस्तास टोपी हातात घेऊन चढाकडे निघाला, खड्ड्यात टाकायला.

"थांबा!" स्मिल्ते ओरडली. "तिथे नको! तिथलं पाणी कुठे जातं ते कळलंय आता! टोपी फुकट जाईल!"

"मग कुठे टाकू?"

"जिथलं अजून कुणालाच कळलेलं नाही, तिथे!" तिनं टोपी त्याच्या हातातून ओढून घेतली, तिच्या गुंडीला लाल धागा पक्का बांधला, आणि भूर्जांमधून चर्चमागच्या बाजावाल्याच्या खड्ड्याच्या दिशेनं वाऱ्यासारखी सुटली.

"दोर!" आजोबा सगळ्या ताकदीनं ओरडले. "पोरी, दोर!"

स्मिल्ते थांबली. धावत माघारी आली, दोराचं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं आजोबांच्या हातात दिलं, आणि मग पुन्हा धावत सुटली.